समाधान मानायचे, पण कुठवर?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्याने त्यांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ५३. सासूबाई पक्षाघातामुळे दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांचे सारे मीच करते. यजमान नोकरीमुळे दिवसभर बाहेर असतात. नणंद याच गावात राहतात, पण सणावाराला येऊन भेटून जातात. मन शांत राहावे म्हणून, एका व्याख्यानात ऐकल्याप्रमाणे, मी रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहू लागले. सुरुवातीला बरे वाटले. आता मात्र ‘घर आहे, प्रकृती ठीक आहे, मुले मार्गी लागली’ हीच वाक्ये मी रोज उतरवते आणि वही मिटताना चिडचिडच होते. थकल्याचे बोलून दाखवले की नणंदबाई ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ असे ऐकवतात. मी कृतघ्न आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही कृतघ्न नाही, थकलेल्या आहात. या दोहोंची गल्लत आपल्या घरांतून फार सहज केली जाते, विशेषतः थकणारी व्यक्ती सून असली म्हणजे.

नणंदबाईंनी ऐकवलेल्या चरणापासूनच सुरुवात करू. ज्या तुकोबांनी हा अभंग रचला, त्यांनी १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात आपली पत्नी ‘अन्न अन्न’ करीत गेलेली पाहिली होती, आणि गाथेत ते दुःख त्यांनी कुठेही झाकून ठेवलेले नाही. विठ्ठलाशी त्यांनी केलेली भांडणे तर इतकी कडवट आहेत की ‘माझे लेखी देव मेला’ असे म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली. सावकारीतील आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते; म्हणजे कर्जदारांना त्यांनी ‘अनंताने ठेवले तसे राहा’ असा उपदेश केला नाही, जे आपल्या हातात होते ते बदलले. अभंगाचा शेवट ‘वाहू हा संसार देवा पायी’ असा आहे. स्वतःचा भार देवावर टाकण्यासाठी रचलेल्या या ओळी दुसऱ्याच्या डोक्यावरचा भार तिथेच राहू देण्यासाठी वापरणे, हा तुमच्यावर आणि तुकोबांवरही अन्यायच आहे.

आता वहीविषयी. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर हा प्रकार जगभर पसरला. त्यांच्या एका प्रयोगात काही जणांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा गोष्टी लिहिल्या आणि दुसऱ्या गटाने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या. पहिल्या गटातील लोकांना आपले आयुष्य एकंदरीत अधिक बरे वाटू लागले. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. जे रोज समोर येते ते मनाला दिसेनासे होते, आणि तुमची तीन वाक्ये नेमकी तशीच झाली आहेत. नैराश्य आणि चिंता यांवर अशा लेखनाचा परिणाम बेताचाच असतो, असे पुढील एकत्रित आढाव्यांत आढळले आहे. व्याख्यानांत हा भाग सहसा गाळला जातो.

तेव्हा रोजचा नेम खुशाल सोडा आणि आठवड्यातून एक दिवस, एकच प्रसंग लिहा. मात्र त्यात माणूस असू द्या. ‘घर आहे’ याऐवजी ‘गुरुवारी समोरच्या काकू अर्धा तास आईंजवळ बसल्या, म्हणून मला निवांत अंघोळ करता आली’ असे लिहिले की मनाला धरायला काहीतरी सापडते. त्याच प्रसंगाकडे उलट बाजूनेही पाहता येते : काकू शेजारी राहायला आल्याच नसत्या तर? एखादी चांगली गोष्ट घडलीच नसती अशी कल्पना केल्याने तिचे मोल अधिक जाणवते, असे २००८च्या एका संशोधनात दिसले आहे. आणि वहीत लिहिलेले त्या काकूंना बोलूनही दाखवा. असे बोलताना अवघडल्यासारखे होईल याची भीती आपण वाजवीपेक्षा जास्त बाळगतो आणि समोरच्याला किती आनंद होईल याचा अंदाज कमी बांधतो, हा अमित कुमार आणि निकोलस एपली यांच्या २०१८च्या प्रयोगांचा निष्कर्ष होता.

एवढे करूनही निम्मेच काम होईल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. त्याखेरीज भरवणे, स्वच्छता, औषधे आणि व्यायाम आहेतच. ज्या शरीराला महिनोन्महिने सलग झोप मिळालेली नाही, त्या शरीरातील मनाला शांत राहायला सांगणे ही क्रूर थट्टा आहे. म्हणून वहीचे एक पान वेगळ्या कामासाठी वापरा. दिवसरात्रीची सारी कामे वेळेनिशी त्यावर लिहा आणि ते पान यजमानांसमोर ठेवा. ‘मला मदत करा’ या वाक्याला लोक मान डोलावतात आणि विसरतात. ‘रात्री दोनची कूस तुम्ही बदला’ हे वाक्य विसरता येत नाही. नणंदबाईंनाही रागाने न बोलता, पण नेमकेच विचारा : ‘वन्सं, बुधवारी आणि शनिवारी दुपारी आईंजवळ तुम्ही बसाल का?’ त्यांना येणे जमत नसेल, तर त्या दोन दुपारी बाई ठेवण्याचा खर्च भावंडांनी वाटून घ्यावा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीचा २००७चा केंद्रीय कायदा मूळ रूपात मुलगा, मुलगी आणि नातवंडे यांच्यावर जबाबदारी टाकतो. ‘अपत्य’ या शब्दाच्या त्याच्या व्याख्येत सुनेचा उल्लेख नाही. हे भांडणासाठी सांगत नाही. आपण मागतो आहोत ती मेहेरबानी नाही, एवढी खात्री बोलताना तुमच्या आवाजात असावी, म्हणून सांगतो.

प्रश्न : नातू पुण्यात सातवीत आहे आणि सुट्टीत वर्ध्याला आमच्याकडे येतो. मागण्याआधी सर्व काही मिळत असल्याने त्याला कशाचेच अप्रूप नाही. ‘थँक्यू’ म्हणतो, पण तोंडदेखले. त्याला जाणीव कशी द्यावी?
– एक आजोबा, वर्धा

उत्तर : सर्वप्रथम ‘आमच्या वेळी पायात चप्पल नव्हती’ हे पुराण बंद ठेवावे, ही नम्र विनंती. आपल्या सुखाचा ठपका आपल्यावरच ठेवला जातो आहे, एवढेच मुलाला त्यातून ऐकू येते. त्यापेक्षा त्याला प्रश्न विचारा : ही वस्तू तुला मिळावी म्हणून कोणी काय सोडले असेल? आईने सुट्टी घेतली, ड्रायव्हरकाका पहाटे उठले, असे शोधता शोधता ‘मिळाले’ या भावनेच्या जागी ‘कोणीतरी दिले’ ही भावना येते, आणि कृतज्ञतेचा पाया तोच आहे.

तुम्ही वर्ध्याचे आहात, त्यामुळे तुमच्या हाताशी एक उत्तम साधनही आहे. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला शक्य असेल तर त्याला बोलवा, आणि तेही आदल्या दिवशीच. जुवाने घट्टे पडलेले बैलाचे खांदे तूप-हळद लावून चोळतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे बैलाला आमंत्रण देतात, ते त्याला स्वतःच्या हातांनी करू द्या. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जिवाच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर हात ठेवणे, यापेक्षा अधिक थेट धडा कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात सापडणार नाही. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन तो घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, मागत हिंडेल, त्याची गंमत निराळीच. शाळेमुळे येणे जमले नाही, तर पुण्यातल्या त्यांच्या इमारतीतील कचरा नेणाऱ्या मावशींचे नाव काय, त्या कुठून येतात आणि किती वाजता घर सोडतात, हे त्यांच्याशीच बोलून फोनवर सांगण्याचे काम त्याच्यावर सोपवा. ‘थँक्यू’ म्हणण्याची सक्ती मात्र करू नका.

प्रश्न : वय २९, पिंपरीत नोकरी. गृहकर्जाचे हप्ते आणि कंपनीतील कपातीच्या बातम्या यांमुळे रात्री विचार थांबत नाहीत. ध्यानाला बसलो की अस्वस्थता उलट वाढते. मित्र इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराला जा म्हणतात. जावे का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६पासून विपश्यनेची शिबिरे भरत आहेत, त्यांना शुल्क नाही आणि त्यांचा लाभ झालेली माणसे पुष्कळ आहेत. परंतु दहा दिवस मौन पाळून रोज कित्येक तास बसणे ही कसोटीची साधना आहे. जो आज दहा मिनिटेही बसू शकत नाही, त्याने तिथून आरंभ करू नये, असे माझे मत आहे.

डोळे मिटून विचारांकडे पाहणे अवघड जात असेल, तर श्वास मोजण्याचे साधे काम मनाला द्या : चार अंकांपर्यंत श्वास घ्या, सहा अंकांपर्यंत सोडा, असे दहा मिनिटे करा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडण्याचा काळ लांब ठेवायचा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याची कामे कागदावर लिहून काढा. दिवसभरात पार पडलेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा उद्याच्या कामांची यादी करणाऱ्यांना लवकर झोप लागली, असे २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात दिसले होते. त्या यादीत ‘नोकरी जाईल का’ असे लिहू नका. त्याऐवजी ‘सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी शिल्लक आहे का ते पाहणे’ असे करता येण्याजोगे काम लिहा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर कूस बदलत पडून न राहता उठून मंद प्रकाशात काहीतरी वाचा. फोन मात्र दुसऱ्या खोलीत असू द्या.

झोप न लागणे, कशातच रस न वाटणे किंवा सतत उदास असणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर श्वास आणि याद्यांवर विसंबून न राहता डॉक्टरांना भेटावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.