१२१ पराभव, पहिला नंबर आणि शिकागोतले आशाळभूत चाहते

डिसेंबर २०२५ मध्ये होतकरू खेळाडू निवडण्याच्या ‘ड्राफ्ट’च्या सोडतीत शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाला पहिला नंबर लागला आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच पालटला. २०२४ मध्ये या संघाने ४१ सामने जिंकले आणि १२१ गमावले. १९०१ पासूनच्या इतिहासात एका हंगामात एवढे पराभव कुणाच्याच वाट्याला आलेले नाहीत. तेव्हाची पत्रं नुसती शिव्याशापांची होती. आता सगळ्यांचे डोळे जुलै २०२६ मधल्या ड्राफ्टकडे लागले आहेत. त्या पत्रांतली काही इथे घेतो.

प्रश्न : मुलगी-जावई शिकागोला असतात. जावई सॉक्सचे भक्त. फोनवर सारखं ‘ड्राफ्ट, ड्राफ्ट’ चालू असतं. हा आयपीएलच्या लिलावासारखाच प्रकार ना? (पुणे)

नाही हो, जवळपास उलटाच आहे. लिलावात जो जास्त बोली लावेल त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. संघ ओळीने येतात आणि एकेक खेळाडूचं नाव पुकारतात. साधारणपणे जो जास्त हरला तो आधी. ज्याचं नाव पुकारलं त्याला त्याच संघाशी बोलणी करावी लागतात, नाहीतर घरी बसायचं किंवा कॉलेजात जायचं. १९६५ पासून ही पद्धत आहे. आधी पैसेवाले संघ चांगली पोरं घाऊक उचलायचे, त्याला आळा घालायला ती आणली.

यात अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोतली शाळा-कॉलेजची मुलंच येतात. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला इथल्या मुलांना सोळाव्या वर्षीच थेट करारबद्ध करतात, जपानी खेळाडूंचा मार्ग आणखी वेगळा. जावयांशी बोलताना मात्र एकच गोष्ट ध्यानात ठेवा. लिलावात घेतलेला खेळाडू त्याच मोसमात मैदानात दिसतो. ड्राफ्टमधला मुलगा आधी मायनर लीगच्या, म्हणजे मुख्य संघाखालच्या तयारीच्या संघांच्या, चार पायऱ्या चढतो. त्यात दोन-चार वर्षं सहज जातात आणि बरेच जण वर पोचतच नाहीत. त्यामुळे जावई ज्याच्यावर एवढे खूश आहेत तो मुलगा कदाचित २०२९ मध्ये दिसेल.

प्रश्न : १२१ हरलो तेव्हा दहावा नंबर आणि १०२ हरलो तेव्हा पहिला! हा कुठला न्याय? (शॉमबर्ग)

नियमाचा. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिले सहा नंबर सोडतीने ठरतात, आणि तळाच्या तीन संघांना सारखीच संधी असते. त्याला एक पोटकलम आहे. लीगच्या उत्पन्नवाटपात जे मोठे संघ पैसे भरतात त्यांना लागोपाठ दोन वर्षं सोडतीत बसता येत नाही, जे छोटे संघ पैसे घेतात त्यांना लागोपाठ तीन वर्षं नाही. ज्याची पाळी चुकली त्याला दहाव्याच्या वरचा नंबर मिळत नाही. शिकागो मोठ्या गावात मोडतं. २०२४ च्या ड्राफ्टसाठी सॉक्स सोडतीत होते (पाचवा नंबर, हेगन स्मिथ हा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा), म्हणून १२१ पराभवांचा मोबदला २०२५ मध्ये दहाव्या नंबरावर भागला. त्यात बिली कार्लसन हा कॅलिफोर्नियाचा शाळकरी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) आला.

या खेपेला, म्हणजे २०२६ च्या ड्राफ्टसाठी, तेच कलम दुसऱ्यांच्या मुळावर आलं. ११९ सामने गमावलेले कोलोरॅडो रॉकीज आणि वॉशिंग्टन नॅशनल्स सोडतीबाहेर गेले, सॉक्सच्या संधी वाढल्या आणि चिठ्ठी त्यांचीच निघाली. न्याय शोधायला गेलात तर क्लीव्हलंडचं काय म्हणाल? २०२४ च्या ड्राफ्टसाठी त्यांची संधी १०० त दोन होती, तरी पहिला नंबर त्यांनाच लागला.

प्रश्न : आता पहिला नंबर हातात आहे. यूसीएलए या कॉलेजचा शॉर्टस्टॉप रॉक चोलोव्स्की येणार असं सगळेच म्हणतायत. प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) कधी धरायचे? २०२७? (नेपरव्हिल)

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! चोलोव्स्कीचं नाव सगळ्यांत जास्त घेतलं जातंय हे खरं, पण सॉक्सचा स्वतःचाच इतिहास पाहा. याआधी त्यांनी दोनदा पहिला नंबर वापरला आहे.

१९७१ मध्ये इलिनॉयच्याच पिओरियाचा कॅचर डॅनी गुडविन घेतला. पैशांवरून जमलं नाही, तो सही न करता कॉलेजात गेला. पहिल्या नंबरवर निवड होऊन नकार देणारा तो पहिलाच. चार वर्षांनी कॅलिफोर्निया एंजल्सने त्याला पुन्हा पहिल्याच नंबरवर घेतलं, तरी तो फारसा चमकला नाही. त्याच १९७१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत एकापाठोपाठ एक कोण गेले? जॉर्ज ब्रेट आणि माइक श्मिट. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, आहेत.

दुसरी खेप १९७७ ची. मेरिलंडचा हॅरॉल्ड बेन्स. मालक बिल व्हेक यांनी तो बारा वर्षांचा असल्यापासून त्याच्यावर नजर ठेवली होती. ही निवड सोन्यासारखी ठरली, बेन्सही हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण तो मुख्य संघात आला १९८० ला आणि सॉक्सने डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकली १९८३ ला. निवड अचूक असूनही सहा वर्षं.

आणि एकटा माणूस किती ओढणार? पिट्सबर्ग पायरेट्सने २०२३ मध्ये पहिल्या नंबरवर पॉल स्कीन्स हा पिचर घेतला, ९२ लाख डॉलरचा बोनस देऊन. याहून चांगली निवड होणं अवघड. पुढच्याच वर्षी तो मुख्य संघात आला आणि नवोदितांमध्ये सर्वोत्तम ठरला. २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला. त्या वर्षीचे त्याचे आकडे बघा. दर नऊ इनिंगमागे सरासरी दोन धावासुद्धा दिल्या नाहीत (१.९७), आणि सामने जिंकले दहा, हरले दहा. मागून धावा काढणारंच कुणी नव्हतं. दोन्ही वर्षी पायरेट्स आपल्या डिव्हिजनमध्ये तळाला राहिले. पिचर पाच दिवसांतून एकदा टाकतो, शॉर्टस्टॉप रोज खेळतो, हा फरक आहेच. पण शॉर्टस्टॉपलाही नऊ जणांत एकदाच बॅट मिळते.

तुम्हाला आशा लावायचीच असेल तर १९८७ ते १९९० कडे बघून लावा. त्या चार वर्षांत सॉक्सनी पहिल्या फेरीत ओळीने घेतलेली नावं अशी : जॅक मॅकडॉवेल, रॉबिन व्हेंचुरा, फ्रँक थॉमस, अ‍ॅलेक्स फर्नांडेझ. नंबर पाचवा, दहावा, सातवा, चौथा. एकही पहिला नाही. १९९३ मध्ये याच चौघांच्या जोरावर डिव्हिजन जिंकली, मॅकडॉवेलला साय यंग आणि थॉमसला एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार) मिळाला. त्या मानाने २०२७ फार लवकर वाटतं. २०२८ ला संघ जिंकू-हरू अशा अवस्थेत आला तरी मी समाधानी असेन.

प्रश्न : २०१६ पासून ‘धीर धरा, पोरं येतायत’ हेच ऐकतोय. एक पुनर्बांधणी बुडाली, आता दुसरी. परत त्याच गाजराला का भुलायचं? स्पष्ट लिहा. (ऑरोरा)

स्पष्टच लिहितो. तुमचा राग रास्त आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी : डिसेंबर २०१६ मध्ये सॉक्सनी ख्रिस सेल बोस्टनला दिला आणि बदल्यात योआन मोंकाडा, मायकल कोपेक वगैरे होतकरू पोरं आणली. पुढच्या जुलैत होसे क्विंताना शिकागोतल्याच दुसऱ्या संघाला, कब्जना, देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीज घेतले. ड्राफ्टमध्ये २०१८ ला चौथ्या नंबरवर निक मॅड्रिगल, २०१९ ला तिसऱ्या नंबरवर अँड्र्यू वॉन. कागदावर एवढी श्रीमंत फळी क्वचितच कुणाकडे होती. २०२० ला प्लेऑफ गाठले, २०२१ ला ९३ विजयांसह डिव्हिजन जिंकली, ह्यूस्टनने पहिल्याच मालिकेत घरी पाठवलं. बस्स. २०२२ ला ८१ विजय, ८१ पराभव. २०२३ ला १०१ पराभव आणि ऑगस्टमध्ये संघाचा कारभार पाहणारे केनी विल्यम्स व रिक हान दोघांची हकालपट्टी. २०२४ चं सांगायलाच नको. ज्या सेलला विकून हे सगळं मांडलं होतं, त्याने त्याच २०२४ मध्ये अटलांटाकडून साय यंग मिळवला.

मग निवडी चुकल्या का? काही चुकल्या. दुखापतींनीही कंबर मोडली. पण खरी खोट मला निवडीनंतरच्या कामात दिसते. वॉनचंच घ्या. २०२५ मध्ये सॉक्सकडून त्याची बॅटिंग सरासरी .१८९ होती (म्हणजे हजार प्रयत्नांत १८९ यशस्वी फटके). जूनमध्ये त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं. तिथे उरलेल्या हंगामात त्याने .३०८ ने फटकावलं. माणूस तोच, वर्ष तेच. जागा बदलल्यावर काही खेळाडू सुटतात हे मान्य, दोन-तीन महिन्यांच्या आकड्यांवरून फाशी देऊ नये हेही मान्य. तरी पाच वर्षं आपल्याकडे असलेल्या पोराला काय सांगायला हवं होतं ते शेजारच्या गावाला कळतं आणि आपल्याला नाही, ही नामुष्कीच.

याच्या उलट एक उदाहरण याच २०२५ मधलं आहे, म्हणून मी अजून दार बंद केलेलं नाही. कोल्सन माँटगोमेरी, २०२१ चा २२ वा नंबर. एप्रिलमध्ये तो शार्लटला, म्हणजे सगळ्यांत वरच्या मायनर संघात, .१४९ वर अडकला होता. क्लबने त्याला सामन्यांतून काढून ॲरिझोनाच्या सराव केंद्रात पाठवलं आणि बॅटिंगचे प्रमुख रायन फुलर यांनी त्याचा स्विंग एकट्याला समोर उभं करून दुरुस्त केला. जुन्या सॉक्सनी त्याला तसाच खेळवत ठेवला असता. ४ जुलैला तो मुख्य संघात आला आणि ७१ सामन्यांत २१ होम रन मारले. माझ्या मते पहिल्या नंबराच्या चिठ्ठीपेक्षा ही बातमी मोठी होती.

राहिले मालक. जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून आहेत. २००५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपद, त्यांच्याच काळात आली, १९१७ नंतर पहिल्यांदा, हे श्रेय द्यायला हवं. पण २०२४ मध्ये स्टँडमधून ‘टीम विका’ अशा घोषणा उठल्या त्या उगाच नव्हेत. जस्टिन इशबिया यांच्याकडे मालकी जाण्याचा करार झालाय, पण त्याचं दार २०२९ ला उघडतं. तेव्हा भुलू नका, बघत राहा. तिकिटाचे पैसे मात्र संघ खेळायला लागला की द्या, ‘पोरं येतायत’ या बोलीवर नको.

प्रश्न : मुद्दाम हरून वर येता येतं हे ह्यूस्टनने दाखवलं नाही का? (न्यू जर्सी)

खेळाडू कुणी मुद्दाम हरत नाही. त्याची रोजीरोटी त्याच्या आकड्यांवर असते. वरचे लोक संघच लेचापेचा ठेवतात. ह्यूस्टनने २०११ ते २०१३ मध्ये १०६, १०७ आणि १११ सामने गमावले आणि २०१७ ला वर्ल्ड सिरीज जिंकली. ती नंतर प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरण्याच्या प्रकरणात डागाळली, ते वेगळं. त्यांच्या लागोपाठ तीन पहिल्या नंबरांपैकी २०१२ चा कार्लोस कोरेया लागू पडला. २०१३ चा मार्क अ‍ॅपल त्यांच्यासाठी एकदाही मुख्य संघात खेळला नाही, आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्या नंबरवर कब्जनी क्रिस ब्रायंट उचलला. २०१४ च्या ब्रॅडी एकनशी करारच झाला नाही, त्याच्या भरपाईच्या नंबरावर पुढच्या वर्षी अ‍ॅलेक्स ब्रेगमन आला. तीनांत एक. लोकांना फक्त चषक आठवतो.

बाल्टिमोरचंही बघा. तोच नुस्खा, २०२३ ला १०१ विजय, आणि त्या वर्षी व पुढच्या वर्षी मिळून प्लेऑफमध्ये एकही सामना जिंकता आला नाही. २०२५ ला परत तळाला.

प्रश्न : आपला एखादा भारतीय मुलगा ड्राफ्टमध्ये पहिला येईल का? (ठाणे)

भारतातल्या मुलासाठी ड्राफ्टचा रस्ता तिकडच्या शाळा-कॉलेजातूनच जातो. २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं, पण ते ड्राफ्टबाहेरून. दोघेही मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर राहिले. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. (क्रिकेटवाला रिंकू सिंग तो हा नव्हे, दर वेळी सांगावं लागतं.) २०२४ चा पहिला नंबर ट्रॅव्हिस बझाना मात्र सिडनीचा, लहानपणी क्रिकेट खेळलेला. तोही ओरेगनच्या कॉलेजातूनच आला.

प्रश्न : आम्ही नुकतेच शिकागोहून शार्लटला आलो. मुलगा दहा वर्षांचा, सॉक्सवेडा. इथे काही बघण्यासारखं आहे का? (शार्लट)

अहो, तुम्ही नेमके हव्या त्या गावी गेलात. सॉक्सच्या चार मुख्य मायनर संघांपैकी तीन तुमच्याच नॉर्थ कॅरोलायनात आहेत. शार्लट नाइट्स गावाच्या मध्यावर, त्यांच्या मैदानातून उंच इमारती अंगावर आल्यासारख्या दिसतात. विन्स्टन-सेलमचा डॅश संघ दीड तासावर. आणि अर्ध्या तासावर कनॅपोलिस, टॉवेल-चादरींच्या गिरण्यांवर उभं राहिलेलं गाव, आपल्या सोलापुरासारखं. तिथला संघ कॅनन बॉलर्स. नावातला ‘कॅनन’ म्हणजे त्या गिरण्यांची कंपनी. चौथा संघ बर्मिंगहॅमचा. १९९४ मध्ये मायकल जॉर्डन बास्केटबॉल सोडून तिथेच खेळला आणि .२०२ वर अडकला.

आधी कनॅपोलिसला न्या. ड्राफ्टमधली शाळकरी पोरं बहुधा तिथूनच सुरुवात करतात. सामन्याच्या तासभर आधी पोचा, कुंपणाजवळ उभे राहा, मुलाकडे चेंडू आणि पेन असू द्या. या पायरीवरचे खेळाडू एकोणीस-वीस वर्षांचे असतात, सही मागितली की तेच हरखतात. मुलाला एक काम द्या. स्कोअरकडे बघायचं नाही, फक्त शॉर्टस्टॉप कोण आहे आणि चेंडू येण्याआधी त्याचे पाय कसे हलतात तेवढं बघायचं. आणि जुलै संपल्यावर पुन्हा एक चक्कर मारा. नव्या ड्राफ्टमधली काही नावं तोवर तिथल्या फलकावर लागायला सुरुवात झालेली असते.