ऑनलाइन वर्गात गटानं करायचं काम दिलं तर मुलं खरंच मिळून करतात का?

आपोआप नाही. एक राबतो, बाकीचे नाव चिकटवतात. मी सांगलीत अकरावीला शिकवतो. हळदीच्या सौद्यांवर (आपल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, म्हणून हा विषय) गूगल डॉक्समध्ये प्रकल्प दिला. त्यात ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडली की कुणी कधी काय लिहिलं ते दिसतं. एका पठ्ठ्यानं रात्री पावणेबाराला सगळं एकदम पेस्ट केलेलं!

तेव्हापासून गट तिघांचाच करतो आणि प्रत्येकाकडून दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज घेतो: कुठं अडलं, कुणी सोडवलं? ‘खूप शिकायला मिळालं’ म्हणणाऱ्याला पुन्हा बोलायला लावतो. एकीनं मात्र सांगितलं, ‘सर, हळकुंड आणि गड्ड्याचा भाव वेगळा असतो हे मैत्रिणीच्या आजोबांनी कॉलवर सांगितलं, मग आमचा अख्खा तक्ता खोडला.’