नवीन विश्वासू भावाला

बाप्तिस्मा झाला, आनंद आहे! पण लगेच ऑफिसात बायबलची वचनं सांगत सुटू नकोस. रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर वचन टाकणंही थांबव, लोक म्यूट करतात. आधी एवढंच धर:

- उसने पैसे सांगितलेल्या तारखेला परत.
- टपरीवर कुणाची निंदा चालली तर भर घालू नकोस. सगळ्यात अवघड हेच, जमायला वेळ लागतो.
- आजारी शेजाऱ्याकडे डबा ने, धर्मप्रचाराची पत्रिका नको.

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातल्या मुलींना आधी अन्न आणि निवारा दिला, ते आठव.

घरच्या सणाला तोंड वाकडं करू नकोस. कशात भाग घ्यायचा ते चर्चच्या पाळकसाहेबांशी बोलून ठरव. कुणी आपणहून विचारलं तर दोन वाक्यांत सांग. वादविवादाचं नंतर बघू.