तिशीनंतर बेसबॉल सुरू करायचा, आधी काय घ्यावं? (परभणीतून विचारलंय)

आधी फक्त ग्लोव्ह घ्या. बॅट नंतर.

क्रिकेटच्या सवयीने माणूस आधी बॅटकडे धावतो, पण सुरुवातीचे दोन महिने नुसती फेकाफेकी आणि झेलच करायचे असतात. उजव्या हाताने फेकत असाल तर ग्लोव्ह डाव्या हातात येतो, हे दुकानात नीट सांगा. मोठ्यांना 11.5 ते 12 इंचांचा पुरतो. आपल्याकडे सॉफ्टबॉल जास्त, त्यामुळे दुकानदार त्याचाच मोठा ग्लोव्ह पुढे करतो, तो नको. नवं चामडं कडक असतं. आत चेंडू ठेवून रात्रभर बांधून ठेवा, तेलात बुडवू नका.

चेंडू साधारण 145 ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा हलकाच. तरी तोंडावर बसला की कळतं! बॅटिंगला हेल्मेट आणि गार्ड हवेच. बॅट 32 इंची अ‍ॅल्युमिनियमची घ्या, लाकडी मोडते.

बूट रबरी स्टडचे चालतील. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीत काहीच चालत नाही, बुटाला शेरभर चिखल.

शिकायला जवळचा सॉफ्टबॉलचा कोच गाठा. संभाजीनगरला जाणं होत असेल तर गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात चौकशी करून बघा.