ऐकताना शब्द बरोबर वाटतो, मग स्क्रीन रीडरवर शुद्धलेखन एकेका अक्षराने कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की पूर्ण वाक्य ऐकताना सगळं ठीक वाटतं, पण मजकूर पाठवल्यावर समोरचा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतो, तर काय करावं. माझंही सगळं लिहिणं स्क्रीन रीडरवरच, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच चालतं. दोष तुमच्या कानाचा नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यंत्राच्या आवाजात जवळपास सारखेच निघतात. श-ष तर माणसंही फारशी वेगळी उच्चारत नाहीत. शब्द शंभरदा ऐकला तरी तो फरक हाती लागत नाही, अक्षरावर उतरावंच लागतं.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर असेल तर नमलॉक बंद करा. नंबरपॅडवरचा 5 चालू शब्द सांगतो आणि लागोपाठ दोनदा दाबला की तोच शब्द एकेक अक्षर सुटं करून सांगतो. 2 म्हणजे चालू अक्षर, 1 मागचं, 3 पुढचं. नंबरपॅड नसलेल्या लॅपटॉपवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपची मांडणी निवडली की एनव्हीडीए कळ आणि पूर्णविराम यांनी अक्षर मिळतं, सोबत कंट्रोल धरला तर शब्द. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्ये नंबरपॅडचा 5 अक्षरासाठी आणि इन्सर्टसह 5 शब्दासाठी. रोमन लिपीत एनव्हीडीएचा 2 दोनदा दाबला की ‘ब्राव्हो’, ‘डेल्टा’ असं ऐकू येतं, त्यामुळे बी, डी, पी यांचा गोंधळ उरत नाही. ईमेलचा पत्ता मी याशिवाय पाठवतच नाही.

देवनागरीत मात्र एवढ्याने भागत नाही. डावा-उजवा बाण दाबत गेलात तर बऱ्याच ठिकाणी ‘कि’ अख्खा एकदम वाचला जातो, म्हणजे ज्याच्यासाठी खाली उतरलो तेच पुन्हा निसटतं. यावर खात्रीचा उपाय ब्रेल डिस्प्ले, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोटाखाली उठावाच्या ठिपक्यांत दाखवणारं यंत्र. भारतीय भाषांच्या भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे ठिपके 2-4 आणि दीर्घ ई म्हणजे 3-5, उ म्हणजे 1-3-6 आणि ऊ म्हणजे 1-2-5-6. बोटाखाली यात गल्लत होणं अवघड. श आणि ष यांचे ठिपकेही वेगळे. पण डिस्प्ले महाग, प्रत्येकाकडे नसतो.

नसेल तर तपासणी टंकतानाच उरकून घ्या. म्हणूनच मी इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी सोडत नाही. तिथे ऱ्हस्व इची वेलांटी एफवर आणि दीर्घ आरवर, ऱ्हस्व उकार जीवर आणि दीर्घ टीवर असतो. कोणती मात्रा पडली ते बोटांनाच ठाऊक असतं, कानाला विचारावं लागत नाही. रोमन अक्षरांवरून मराठी करणाऱ्या कीबोर्डवर शब्द तो निवडतो आणि आपण नुसते होकार देत बसतो.

शेवटी लेख झाल्यावर एक युक्ती. नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये शोधाच्या चौकटीत नुसती ऱ्हस्व वेलांटी आणि पुढे एक स्पेस टाका. मराठी शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ असतात, त्यामुळे जे जे सापडेल ते संशयित. ‘आणि’, ‘नि’ आणि ‘तथापि’सारखी संस्कृतातून आलेली अव्ययं तेवढी सोडायची. ऱ्हस्व उकारासाठीही हेच करा, तिथे ‘परंतु’ला हात लावू नका. शब्दापुढे स्वल्पविराम किंवा पूर्णविराम असेल तर तो या शोधात सापडत नाही, म्हणून स्पेसच्या जागी ती चिन्हं टाकून आणखी एकदा शोधा.

शब्दाच्या मधले इकार-उकार असे शोधून सापडत नाहीत. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व. ‘वीट’ दीर्घ, ‘विटेचा’ ऱ्हस्व. इथे नियम डोक्यात ठेवून अडखळेल त्याच शब्दावर 5 दोनदा दाबायचा. प्रत्येक शब्द सुटा करून ऐकायला लागलात तर पानभर मजकुराला दुपार जाईल आणि मजकुरात काय म्हटलं होतं तेही विसराल. माणसांची नावं मात्र नियमात बसत नाहीत, ती ज्याची त्याला विचारून घ्या.