वाचक विचारतात : न्यूयॉर्कच्या जुन्या क्लबांत पाहुणा म्हणून जाताना

प्रश्न : मुलीकडे न्यूयॉर्कला तीन आठवडे राहणार आहे. तिथले कलावंतांचे आणि ग्रंथप्रेमींचे जुने क्लब आतून पाहायची फार इच्छा आहे, पण ओळखीत एकही सभासद नाही. दारातूनच परत पाठवतील का?

सगळीकडून नाही. क्लब खासगी असला तरी त्याचं प्रदर्शनदालन अनेकदा सर्वांसाठी खुलं असतं. तीन ठिकाणं लक्षात ठेवा : चित्रकारांचा सालमागुंडी क्लब (स्थापना 1871), ग्रंथप्रेमींचा ग्रोलिअर क्लब (1884) आणि नॅशनल आर्ट्स क्लब (1898). तिन्हींची प्रदर्शनं विनामूल्य पाहता येतात. दारावरच्या माणसाला ‘प्रदर्शन पाहायला आलोय’ एवढं सांगितलं की पुरे. ‘क्लब बघायला आलोय’ म्हणालात तर मात्र तो साहजिकच विचारेल, कोणाचे पाहुणे? कारण दालन लोकांसाठी खुलं असलं तरी जेवणघर, बार आणि वरच्या खोल्या सभासदांच्याच.

निघण्याआधी, शक्यतो त्याच दिवशी सकाळी, क्लबाच्या संकेतस्थळावर वेळा पाहा. एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावेपर्यंत भिंती रिकाम्या असतात, आणि सभासदांचा खासगी समारंभ असला तर खुलं दालनही त्या दिवसापुरतं बंद होतं. हेलपाटा होतो तो बहुधा या दोन कारणांनी.

प्रश्न : हे तिन्ही क्लब एका दिवसात होतील का? पत्ते वाचून गोंधळ उडतो.

होतील, आणि गोंधळ उडणं अगदी रास्त आहे. सालमागुंडीचा पत्ता 47, फिफ्थ अव्हेन्यू. ग्रोलिअरचा 47, ईस्ट 60वा रस्ता. घरक्रमांक एकच, अंतर मात्र जवळजवळ 50 रस्त्यांचं. त्यात आणखी एक गंमत : ‘47, फिफ्थ अव्हेन्यू’ वाचून काही जण थेट 47व्या रस्त्यावर उतरतात. अव्हेन्यूवरच्या घरक्रमांकाचा आडव्या रस्त्याच्या क्रमांकाशी काही संबंध नसतो. सालमागुंडी 11व्या आणि 12व्या रस्त्यांच्या मध्ये आहे.

मेट्रोची 6 क्रमांकाची गाडी धरा, तिन्ही ठिकाणं तिच्याच वाटेवर येतात. सालमागुंडीसाठी 14वा रस्ता–युनियन स्क्वेअर, नॅशनल आर्ट्ससाठी 23वा रस्ता, ग्रोलिअरसाठी 59वा रस्ता. 4 आणि 5 क्रमांकाच्या गाड्याही याच मार्गावरून धावतात, पण त्या जलद. 14व्या रस्त्यानंतर त्या एकदम 42व्या रस्त्यावर, ग्रँड सेंट्रललाच थांबतात आणि 23वा रस्ता मागेच राहतो. डब्यावरचा आकडा पाहूनच चढा.

23व्या रस्त्यावर उतरल्यावर पार्क अव्हेन्यू साउथने तीन रस्ते दक्षिणेला चाला आणि 20व्या रस्त्यावर पूर्वेकडे वळा. 20व्या रस्त्याच्या या तुकड्यालाच ग्रॅमर्सी पार्क साउथ म्हणतात. 15 क्रमांक नॅशनल आर्ट्सचा. शेजारचा 16 क्रमांक ‘द प्लेअर्स’चा, तो नाटकवाल्यांचा क्लब. दारं शेजारी शेजारी असल्यामुळे चुकीची घंटा वाजवणारे कमी नाहीत. खूण अशी : दर्शनी भिंतीवर शेक्सपिअर, दान्ते, गटे, मिल्टन आणि फ्रँकलिन यांची दगडी मुखं कोरलेली दिसली की 15 क्रमांक.

प्रश्न : नॅशनल आर्ट्स क्लबची वास्तू प्रदर्शनापेक्षा सरस आहे असं ऐकलं. नेमकं काय पाहावं?

चित्रं बदलत राहतात, वास्तू तीच राहते. त्यामुळे ऐकलंत त्यात तथ्य आहे. हे सॅम्युअल टिल्डन यांचं घर. 1876च्या अध्यक्षीय निवडणुकीत लोकांची मतं त्यांना जास्त मिळाली, पण निर्वाचक मतांत, म्हणजे राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांत, ते 184 विरुद्ध 185 असे एका मतानं हरले. शेजारशेजारची दोन घरं जोडून ही हवेली झाली. काम कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचं. सेंट्रल पार्कच्या दोन रचनाकारांपैकी ते एक. क्लब इथे 1906मध्ये आला. आत गेल्यावर लगेच चित्रांकडे वळू नका. आधी लाकडावरचं कोरीवकाम आणि रंगीत काचांचा घुमट पाहा. घुमटासाठी दिवसाउजेडी जावं.

प्रश्न : ‘द प्लेअर्स’मध्ये एडविन बूथची खोली आहे ना? कार्यक्रमाचं तिकीट काढलं की ती पाहता येते?

तिकिटात खोली येते असं धरून चालू नका. नट एडविन बूथ यांनी 1888मध्ये हा क्लब काढला, स्वतःचं घर दिलं आणि वरच्या मजल्यावर स्वतःपुरती जागा ठेवली. 1893मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं आणि खोली तशीच जपली गेली. कार्यक्रमाचं तिकीट म्हणजे त्या संध्याकाळची, त्या दालनातली खुर्ची. खोली पाहायची तर सभासदाची सोबत हवी, किंवा तिकीट घेताना कार्यालयाला तसं स्पष्ट विचारून ठेवावं. कार्यक्रमाच्या मध्यंतरात गुपचूप जिना चढणं वाईट दिसतं.

प्रश्न : ग्रोलिअरमध्ये दिवे इतके मंद का? पुस्तकं नीट वाचताही येत नाहीत.

काटकसर म्हणून नव्हे. उजेडानं कागद पिवळा पडतो, शाई उडते आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून जुन्या कागदावर साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) प्रकाश ठेवण्याचा ग्रंथसंग्रहांत प्रघात आहे. बाहेरच्या उन्हातून आल्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावतात. वाचायचा चष्मा विसरू नका आणि फ्लॅश तर नकोच. इथे दोन मजल्यांवर प्रदर्शनं असतात. अमेरिकेत ‘सेकंड फ्लोअर’ म्हणजे आपला पहिला मजला. तो न पाहताच बरेच जण परततात.

क्लबाचं नाव सोळाव्या शतकातल्या ज्याँ ग्रोलिए या फ्रेंच संग्राहकावरून. आपल्या पुस्तकांच्या बांधणीवर तो लॅटिनमध्ये छापून घेई : ‘ग्रोलिए आणि त्याच्या मित्रांचं.’ ग्रंथसंग्राहक माणूस आणि असं लिहितो!

प्रश्न : जावयाच्या साहेबांनी त्यांच्या क्लबात व्याख्यान आणि जेवणाला बोलावलं आहे. काय सांभाळावं?

यजमानाला आधीच तीन गोष्टी विचारा : पोशाख, भेटायची जागा आणि फोनचा नियम. पुरुषांना जेवणघरात बहुधा जाकीट लागतं, जीन्स आणि खेळाचे बूट चालत नाहीत. साडीला सहसा अडचण येत नाही. कुर्ता-पायजमा घालायचा असेल तर मात्र विचारून घ्या. यजमानाच्या आधी पोहोचलात तर दारावर त्यांचं नाव सांगून तिथेच थांबा. फोन बंद करून खिशात. अनेक क्लबांत तो टेबलावर काढलेलाही चालत नाही, आणि फोटोत दुसरे सभासद आले तर तेही खपत नाही. बिल द्यायची घाई नको. ते सभासदाच्या खात्यावर चढतं, पाहुण्याचं कार्ड बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, आणि टेबलावर टीप ठेवायची रीतही सहसा नसते. तुमच्या वागण्याचा जाब क्लब यजमानाला विचारतो, तुम्हाला नाही. यायचं जमत नसेल तर वेळेवर कळवा, कारण ताट आधीच सांगितलेलं असतं.

प्रश्न : ग्रॅमर्सी पार्कमध्ये बसता येईल का?

नाही. ती बाग कुलूपबंद असते, भोवतालच्या घरांतल्या किल्लीधारकांपुरतीच. कुंपणातून आतला बूथ यांचा हॅम्लेटच्या वेशातला पुतळा मात्र दिसतो.