अमिबाच्या आत जे चिकट पाण्यासारखं भरलेलं दिसतं ते नेमकं काय असतं?

त्याला पेशीद्रव्य म्हणतात आणि ते नुसतं पाणी नाहीये. पाणी जास्त असतं हे खरं, पण त्यात प्रोटीन, क्षार, साखर, ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असं सगळं खच्चून भरलेलं असतं. डीएनए ठेवणारं केंद्रक यातच तरंगतं, पण ते पेशीद्रव्यात मोजत नाहीत.

अमिबात याचे दोन भाग सरळ दिसतात. कडेला काचेसारखा स्वच्छ आणि जरा घट्ट थर, आत दाणेदार पातळ भाग. मायक्रोस्कोपखाली अमिबा सरकताना बघा, आतले दाणे एका दिशेने वाहत जातात आणि पुढे नवा छद्मपाद, म्हणजे पायासारखा तात्पुरता फुगवटा, फुटतो, तिथे पोचलेलं पातळ द्रव्य कडेला वळून घट्ट होतं आणि मागच्या टोकाला घट्ट झालेलं परत पातळ होतं, हे सतत चालू. यामागे मुख्यतः अ‍ॅक्टिन नावाच्या प्रोटीनचे धागे, तेच आपल्या स्नायूंतही असतात! पुस्तकातल्या त्या मेलेल्या आकृतीवरून हे कधीच कळत नाही.

अजून एक, आत एक गोल बुडबुडा हळूहळू फुगतो आणि एकदम गायब होतो. ती संकोचशील रिक्तिका. गोड्या पाण्यातला अमिबा असेल तर बाहेरचं पाणी सारखं आत घुसतं, ते ही उपसून टाकते, नाहीतर पेशी फुटेल.

फ्रान्सच्या फेलिक्स द्युजार्दां यांनी 1835 मध्ये अशाच एकपेशीय जिवांमधल्या या जिवंत चिकट पदार्थाचं वर्णन केलं होतं.

बॅक्टेरियाचं वेगळं, तिथे केंद्रक नसतंच, डीएनए पेशीद्रव्यातच असतो.